जखमी कर्मचाऱ्याची सक्तीची रजा

सरकारी नोकर हे आम्हा दुकानदारांचे सर्वांत भरवशाचे गिऱ्हाईक. एक तारखेला पगार, पाच तारखेला उधारीचे खाते चुकते. गंज पेठेतील किराणावाल्यापासून भवानी पेठेतील लाकूडवाल्यापर्यंत सर्वांनाच हा अनुभव आहे. म्हणून असा माणूस कामावर जखमी होऊन घरी बसवला जातो, तेव्हा तो प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही.

होते असे. बसचालकाचा हात मोडतो, डॉक्टर 'चालकाच्या कामास अपात्र' असा शेरा मारतात. तो म्हणतो, डेपोत बसून करण्याचे काम द्या. साहेब म्हणतात, जागा नाही, रजेचा अर्ज भरा. आधी अर्जित रजा संपते, मग अर्धपगारी, शेवटी बिनपगारी. अर्जावर सही त्याचीच, त्यामुळे ही रजा त्यानेच मागितली असे कागदोपत्री ठरते. खरी मेख इथेच आहे.

कायदा वेगळेच सांगतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाचे कलम ४७ असे होते की, नोकरीत असताना अपंगत्व आले तर कर्मचाऱ्याला काढू नये, हुद्दा कमी करू नये. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे द्यावे. तेही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे. २०१६ च्या नव्या कायद्यात कलम २०(४) हेच सांगते. एसएसबीच्या एका शिपायाचा पाय कापावा लागला व त्याला घरी पाठवले गेले. २००३ साली कुणाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पेन्शन दिली म्हणून हा हक्क बुडत नाही, असे ठरवले. २००८ साली पंजाब वीज मंडळाच्या भगवान दास यांचा खटला तर आणखी बोलका. दृष्टी गेल्यावर त्यांनी स्वतःच निवृत्ती मागितली होती. त्यांना कायदा समजावून सांगणे हे वरिष्ठांचे कर्तव्य होते, असे न्यायालयाने बजावले.

हाड जुळेपर्यंत रजा हवीच, याबद्दल वाद नाही. पण कामावर झालेल्या दुखापतीसाठी महाराष्ट्राच्या १९८१ च्या रजा नियमांत विशेष विकलांगता रजा आहे, चोवीस महिन्यांपर्यंतची. तिचे नाव कार्यालयात कोणी आपणहून काढत नाही!

आणि आमच्या कारखान्यांत काय चालते? नाना पेठेतील गॅरेजात किंवा प्रेसवर पोराचे बोट गेले की हातावर चार नोटा ठेवून 'घरी आराम कर, मग बघू' म्हणतो ते आम्हीच. १९२३ च्या कायद्याने अशा कामगाराला भरपाईचा हक्क दिला, तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक पगाराचा पाव हिस्सा, म्हणजे जवळपास अर्धा पगार. ही तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतली गेली. सरकारला नावे ठेवण्याआधी आपला हजेरीपट उघडून पाहावा.

ज्यांच्या घरात भाऊ वा मुलगा सरकारी चाकरीत आहे, त्यांना आमची सूचना एवढीच. रजेच्या अर्जावर सही करावी लागलीच, तर 'मी पर्यायी काम करण्यास तयार आहे' ही ओळ स्वतःच्या हाताने लिहावी आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.