लिलावात रॅम खरंच स्वस्त पडते का? बोली लावण्याआधी हे गणित करा

रॅमचे भाव चढल्यापासून एक सल्ला सारखा कानावर येतो: "नवीन कशाला घेतोस, ईबेवर लिलावात निम्म्या किमतीत मिळते." जुने पीसी उभे करणारे, घरी छोटा सर्व्हर चालवणारे, रास्पबेरी पायवर प्रयोग करणारे, सगळ्यांनाच हा सल्ला मिळतोय. तो अगदीच खोटा नाही. पण माझं मत असं की तुटवड्याच्या काळात जास्तीचे पैसे जाण्याची सगळ्यात सोपी जागा लिलाव हीच आहे. का, ते बघू.

भाव का चढले?

मेमरी चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मुख्यतः तीन: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआय डेटा सेंटरना लागणाऱ्या महागड्या मेमरीत नफा जास्त, म्हणून त्यांनी उत्पादन तिकडे वळवलं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात १६ जीबीच्या रास्पबेरी पाय ५ ची किंमत १२० डॉलरवरून १४५ डॉलर झाली. साहजिकच लोक जुन्या, काढलेल्या पार्टकडे वळले आणि लिलावात गर्दी वाढली.

गर्दीत नेमकं काय होतं?

यावर एक छान अभ्यास आहे. उल्रिके माल्मेंडियर आणि यंग हान ली या अर्थतज्ज्ञांनी ईबेवरच्या एका बोर्ड गेमचे लिलाव तपासले. 'रिच डॅड पुअर डॅड'वाल्या रॉबर्ट कियोसाकींचा तो 'कॅशफ्लो १०१'. गंमत म्हणजे त्याच पानावर तोच गेम ठरावीक किमतीतही मिळत होता. तरीही ४२ टक्के लिलाव त्या किमतीच्या वर गेले. इतर वस्तूंचे लिलाव तपासले, तर प्रमाण ४८ टक्के निघालं.

म्हणजे सगळेच बोलीदार बेहिशेबी होते का? नाही. जास्त बोली लावणारे फक्त १७ टक्के होते. पण लिलावाची रचनाच अशी की जिंकतो तो सगळ्यात जास्त आकडा टाकणारा. दहा जणांनी नीट हिशेब केला आणि दोघांनी नाही, तर भाव ते दोघं ठरवतात. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. लोक बाजूची ठरावीक किंमत बघतच नाहीत, हेच सगळ्यात पटणारं कारण आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

म्हणून पहिला नियम: तुमची कमाल किंमत लिलावाच्या पानावर ठरवू नका, बाहेर ठरवा. ईबेवर 'सोल्ड' हा फिल्टर लावा आणि तो पार्ट अलीकडे खरोखर कितीला गेला ते बघा. विक्रेत्याने मागितलेला भाव म्हणजे मिळालेला भाव नव्हे. मग भारतातल्या दुकानांचे भाव बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एक फोन करून विचारा. यातला सगळ्यात कमी आकडा हीच तुमची मर्यादा.

दारात पडणारी किंमत काढा

ईबेची भारतातली साइट २०१८ मध्ये बंद झाली. त्यामुळे आता तिथून घ्यायचं म्हणजे बहुतेक वेळा परदेशातून मागवायचं. कस्टम्स ड्युटी फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. शिपिंग आणि विमा धरून येणाऱ्या रकमेवर लागते. कर बदलत राहतात, म्हणून बोलीआधी चालू दर बघा. खालचे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेत.

समजा रॅमची बोली ४० डॉलर, शिपिंग १८ डॉलर, डॉलर ९० रुपये, कार्डाचं परकीय चलन शुल्क ३.५ टक्के, सगळे कर मिळून ३० टक्के आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क ५०० रुपये.

- वस्तू आणि शिपिंग: ५,२२० रुपये
- कार्ड शुल्क: सुमारे १८३ रुपये
- कर: १,५६६ रुपये
- कुरिअर: ५०० रुपये
- एकूण: सुमारे ७,४६९ रुपये

पानावर ३,६०० रुपयांची दिसणारी वस्तू दारात दुपटीहून महाग पडली. आता हेच गणित उलटं करा. तीच रॅम इथे ६,००० रुपयांना मिळत असेल, तर याच हिशेबाने तुमची कमाल बोली २७ डॉलर येते. त्यातही परदेशी विक्रेत्याकडून घेतल्यावर वॉरंटी आणि परत पाठवण्याची कटकट धरली, तर मी आणखी दोन-चार डॉलर कमीच लावीन.

बोली एकदाच लावा

ईबेवर तुम्ही कमाल रक्कम टाकता आणि सिस्टिम तुमच्या वतीने गरजेपुरती बोली वाढवते. तुमची कमाल २७ डॉलर आणि समोरच्याची २० असेल, तर तुम्ही साधारण २०.५० डॉलरला जिंकता. पूर्ण २७ जात नाहीत. म्हणून खरी कमाल रक्कम एकदाच टाकायची आणि बाजूला व्हायचं. 'तुमच्यापेक्षा जास्त बोली आली' असा मेल आला की हात शिवशिवतात, पण तिथेच थांबायचं. "अजून एकच डॉलर" असं चार वेळा म्हटलं की गणित गेलंच.

शेवटच्या काही सेकंदांत बोली लावण्याची युक्ती खरी आहे का? काही अंशी हो. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी दाखवलं की ईबेसारखा ठरल्या वेळी संपणारा लिलाव असेल, तर उशिरा बोली लावण्यात अर्थ आहे. चढाओढ करणाऱ्यांना उत्तर द्यायला वेळच उरत नाही. जपानच्या याहू ऑक्शनवर मात्र विक्रेत्याने तशी सोय ठेवली असेल, तर शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ वाढते. तिथे ही युक्ती चालत नाही. आणि कुठेही असो, मर्यादा चुकीची ठरवली असेल तर ती शेवटच्या सेकंदाला टाकूनही चुकीचीच राहते.

स्वस्त का आहे, ते विचारा

डीडीआर४ रॅम संशयास्पद स्वस्त दिसली, तर ती सर्व्हरची 'रजिस्टर्ड' रॅम आहे का ते बघा. ती साध्या डेस्कटॉप बोर्डवर चालत नाही. 'अनटेस्टेड' लिहिलं असेल तर बंद पडलेला पार्ट समजूनच भाव लावा. चालला तर नशीब. फोटोत लेबल आणि पार्ट नंबर वाचता येत नसेल, तर बोलीआधी विक्रेत्याकडे फोटो मागा.

थांबणं हाही पर्याय आहे

ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपच्या टंचाईमुळे २ जीबीचं रास्पबेरी पाय ४ ३५ डॉलरवरून ४५ वर गेलं. दुकानांत ते मिळेना आणि रिसेलर त्याच्या कितीतरी पट मागू लागले. २०२३ मध्ये पुरवठा सुधारला आणि तो फुगवटा ओसरला. ज्यांचं काम अडलं होतं त्यांचं ठीक, पण निव्वळ हौसेसाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्यांच्या हाती तोच बोर्ड राहिला, किंमत मात्र उतरलेली.

रॅमचे भाव कधी उतरतील हे सांगणारे खूप भेटतील. त्यांच्या भरवशावर निर्णय घेऊ नका. स्वतःला एवढंच विचारा: हा पार्ट आत्ता नसेल तर काय अडतं? उत्तर 'काही नाही' असेल, तर बोली कमी ठेवा आणि हरायची तयारी ठेवा. पुढच्या आठवड्यात तसाच पार्ट पुन्हा लिलावात येण्याची शक्यता बऱ्यापैकी असते.