हेबियस कॉर्पस, सुमोटो, अमायकस... कोर्टाच्या बातमीतली लॅटिन भाषा सांगते तरी काय?

मुलगी बेपत्ता आहे, हायकोर्टात 'हेबियस कॉर्पस' दाखल झाली. रस्त्यांवरच्या खड्ड्यांची कोर्टाने 'सुमोटो' दखल घेतली. अशा बातम्या मोबाइलवर रोज येतात. यातले शब्द लॅटिन आहेत आणि इंग्रजी कायद्याबरोबर भारतात आले. त्यातला एक तरी प्रत्येकाला नीट माहीत असायला हवा.

हेबियस कॉर्पस म्हणजे काय?

शब्दशः अर्थ 'देह तुझ्यापाशी असू दे', म्हणजेच ज्याला डांबून ठेवले आहे, त्याला कोर्टापुढे उभे कर. राज्यघटनेच्या मराठी अनुवादात यासाठी 'देहोपस्थिती' हा शब्द आहे. कलम ३२ नुसार सर्वोच्च न्यायालयात आणि कलम २२६ नुसार उच्च न्यायालयात ही याचिका करता येते.

कोठडीतला माणूस स्वतः कोर्टात पोहोचू शकत नाही, म्हणून नातेवाईक किंवा मित्रही ती दाखल करू शकतात. तिहार तुरुंगातील सुनील बत्रा यांनी दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल पाठवलेले साधे पत्रही सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले होते.

इथे एक गल्लत हमखास होते. अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक आहे. तसे हजर करून कायदेशीर कोठडी मिळाली असेल, तर सहसा हेबियस कॉर्पस नव्हे, जामीन मागावा लागतो.

हा दरवाजा बंद झाला तेव्हा...

आणीबाणीत हजारो लोक विनाचौकशी तुरुंगात होते. अनेक उच्च न्यायालयांनी त्यांच्या याचिका ऐकण्याची तयारी दाखवली. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर खटल्यात ४ विरुद्ध १ अशा बहुमताने त्यांना कोर्टात दाद मागता येणार नाही, असा निकाल दिला. विरोधात होते एकटे न्या. एच. आर. खन्ना. पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांची ज्येष्ठता डावलली गेली.

बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये गोपनीयतेच्या खटल्यात हा निकाल चुकीचा ठरवून मोडीत काढणाऱ्या घटनापीठात त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड होते. दरम्यान १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क निलंबित करता येत नाही.

बाकीचे शब्द

'सुमोटो' ऐकायला एखाद्या गाडीचे मॉडेल वाटते. मूळ उच्चार 'सुओ मोटू', अर्थ 'स्वतःहून'. कोणी याचिका केलेली नसताना कोर्टाने विषय हाती घेतला, एवढेच.

'अमायकस क्युरी' म्हणजे न्यायमित्र. हा वकील कोणत्याही पक्षाचा नसतो, तो कोर्टाला मदत करतो. 'प्रायमा फेसी' म्हणजे प्रथमदर्शनी. कोर्टाने प्रथमदर्शनी तथ्य आढळल्याचे म्हटले, की सोशल मीडियावर लगेच 'दोषी ठरवले' असे फिरते. तो निकाल नसतो. 'एक्स पार्टे' म्हणजे एकतर्फी, दुसरी बाजू न ऐकता दिलेला आदेश.

मराठीत प्रतिशब्द असताना लॅटिनचा हट्ट का, हा प्रश्न रास्तच आहे. इंग्लंडमध्येही १९९९ च्या नव्या दिवाणी नियमांत 'एक्स पार्टे'च्या जागी साधे इंग्रजी शब्द आले. 'हेबियस कॉर्पस' मात्र तिथेही लॅटिनच राहिले.