इशाऱ्याखालचा फोन नंबर
वसमत-कळमनुरीकडच्या घरात, जिथं एकाच कॉम्प्युटरवर पोरांचे परीक्षेचे फॉर्म आणि हळदीचा हिशेब दोन्ही असतात, तिथं पडद्यावर ‘व्हायरस सापडला’ अशी लाल चौकट आली की घरातले हादरतात आणि चौकटीतल्या नंबरावर फोन लावतात. घात तिथंच होतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. त्याच्या तपशिलात फाइलचं नाव आणि ठिकाण असतं. पुष्कळदा ही चौकट ब्राउझरचं नोटिफिकेशन असते. कधीतरी एखाद्या वेबसाइटवर ‘अलाऊ’ दाबलेलं असतं, ती परवानगी काढली की कटकट मिटते. फाइलचं नाव दिसलं तर मात्र नेट बंद करून विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन लावा. तो विंडोज सुरू होण्याआधी तपासतो, म्हणून दडून बसलेलंही हाती लागतं. जमत नसेल तर गावातल्या दुरुस्तीवाल्याला बोलवा आणि तो काम करीत असताना शेजारी बसा. पुण्यात कैलास काटकरांच्या अशाच दुरुस्तीच्या दुकानातून, धाकटे बंधू संजय यांच्या हातून, क्विक हील हे अँटिव्हायरस घडलं. या कारागिरांना कमी लेखू नये. पण फोनवरून ‘एनीडेस्क टाका’, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप टाका, म्हणणाऱ्या अनोळखी आवाजाला कॉम्प्युटर अजिबात देऊ नका, आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, त्याच घडीला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर फिरवा.