मोतीला घेऊन रानात

वैशाख पौर्णिमेच्या सुट्टीत आम्ही मोखाड्याकडे पोशेऱ्याला गेलो, तेव्हा मुलांच्या हट्टापायी मोतीही बरोबर आला. सकाळी सातलाच त्याला घेऊन रानाची वाट धरली. दोरी हवीच. तिथे लोकांच्या शेळ्या-कोंबड्या मोकळ्या असतात, त्यावरच त्यांचे घर चालते. आणि दिवस मावळायच्या आत परतावे. बिबट्या कुत्र्यावर टपलेला असतो.

ओढ्यात एक झिरा लागला. दोन वारली भगिनी वाटीवाटीने हंडा भरत होत्या. मोखाड्यात पावसाळ्यात धो धो कोसळते आणि मे महिन्यात पाण्यासाठी वणवण! मोती पाण्याकडे झेपावला, आम्ही दोरी ओढली. धाकटीने विचारले, "महाडला तर कुत्री पाणी प्यायची ना?"

आम्ही क्षणभर गप्पच झालो. मग सांगितले, चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, आपल्या माणसांना होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी पिऊन तो मोडला. इथे विटाळाचा प्रश्न नाही, बाळ. या मावश्यांच्या घरी हेच पाणी प्यायचे आहे, ते गढूळ होऊ द्यायचे नाही. मोतीला आम्ही बाटलीतले पाणी डब्याच्या झाकणात पाजले.

रानात नेण्याआधी कुत्र्याला रेबीजची लस टोचून घ्यावी. कुत्रा चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. आमच्या वस्तीत अजून जखमेत मिरची भरतात. ती भरू नये.