कोळंबीच्या तळ्यातला व्हायरस: टेस्ट आहे, ॲप आहे, मग घोडं अडतंय कुठे?

ऑक्टोबर 2025 मध्ये एक बातमी आली आणि टॅरिफच्या गदारोळात हरवून गेली. भारतातली कवचासकट कच्ची कोळंबी घ्यायला ऑस्ट्रेलियाने पहिली परवानगी दिली. ही वाट 2017 पासून अडली होती, आणि ती अडवली होती एका व्हायरसने. त्याचं नाव व्हाइट स्पॉट.

बातमी छोटी असली तरी पैसा मोठा आहे. 2024-25 मध्ये भारताने सुमारे 62,408 कोटी रुपयांचं सीफूड निर्यात केलं. त्यातले 43,334 कोटी एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका, आणि तिथे ऑगस्ट 2025 मध्ये टॅरिफ 50 टक्क्यांवर गेलं. म्हणजे नवे बाजार शोधणं भाग आहे, आणि नव्या बाजारात शिरताना पहिला प्रश्न येतो, "माल रोगमुक्त आहे का?"

हा व्हायरस करतो काय?

आधी तुमच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर: माणसाला हा रोग होत नाही. कोळंबीसाठी मात्र तो काळ आहे. लागण झालेल्या तळ्यातली जवळपास सगळी कोळंबी 3 ते 10 दिवसांत मरू शकते. मेलेली कोळंबी जिवंत कोळंबी खाते, त्यामुळे आग आणखी भडकते. खेकडे हा व्हायरस अंगावर वागवत फिरतात आणि पक्षी मेलेली कोळंबी उचलून दुसऱ्या तळ्यात टाकतात.

1992 च्या सुमारास तो पूर्व आशियात दिसला आणि 1994-95 मध्ये भारतात पोचला. आपल्याकडच्या टायगर कोळंबीच्या शेतीचं त्याने कंबरडं मोडलं. आजही त्यामुळे वर्षाला सुमारे 1,670 कोटींचं नुकसान होतं, असा चेन्नईच्या 'सीबा' या केंद्रीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

औषध नाही. आपल्यासारखी लसही नाही, कारण लस शरीराला अँटिबॉडी बनवायला शिकवते आणि कोळंबीच्या शरीरात अँटिबॉडी बनतच नाहीत. त्यामुळे हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे रोग लवकर ओळखणं.

फोटो काढून कळेल का?

मलाही आधी हेच वाटलं होतं. कवचावर पांढरे ठिपके दिसतात, मग कॅमेरा आणि एआय आहेच की! पण गंमत अशी की ठिपके दरवेळी दिसत नाहीत, आणि कधीकधी ते बॅक्टेरियामुळेही येतात. खात्रीसाठी पीसीआरच लागतं.

कोविडमधली आरटी-पीसीआर आठवते? कोरोनाचा व्हायरस आरएनएचा, म्हणून आधी त्याचा डीएनए करावा लागायचा. ते काम 'आरटी'चं. व्हाइट स्पॉटचा व्हायरस मुळातच डीएनएचा आहे, त्यामुळे ती पायरी लागत नाही. थेट पीसीआर करायचं.

पण टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे काय? हॅचरीच्या एका टाकीत कोळंबीची लाखो पिल्लं असतात. सगळी तपासता येत नाहीत, म्हणून साधारण 150 पिल्लांचा नमुना घेतात. समजा टाकीतल्या 2 टक्के पिल्लांना लागण आहे. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर 0.98 चा 150 वा घात काढून बघा. मी काढला, उत्तर आलं 0.048. म्हणजे टेस्ट अगदी अचूक असली, तरी अशा 100 टाक्यांपैकी जवळपास 5 टाक्यांच्या नमुन्यात एकही आजारी पिल्लू येणार नाही आणि त्या निगेटिव्ह म्हणून सुटतील. लागण 2 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर सुटणाऱ्या टाक्या आणखी जास्त.

अशीच गल्लत 'एसपीएफ' या शब्दाने होते. भारतात 2009 पासून वेनामी कोळंबी आली. तिचे नर-मादी परदेशातून एसपीएफ म्हणून येतात आणि चेन्नईत क्वारंटाइनमध्ये तपासले जातात. एसपीएफचा अर्थ ठरावीक रोगांचे जंतू त्यांच्यात नाहीत, एवढाच. पुढे रोग होणारच नाही, असा नाही. स्वच्छ पिल्लू घाण पाण्यात सोडलं तर ते आजारी पडणारच.

मग ॲप कशाला?

केंद्र सरकारने जून 2023 मध्ये 'रिपोर्ट फिश डिसीज' हे ॲप आणलं. तळ्यात मर सुरू झाली की शेतकऱ्याने त्यावर कळवायचं. तळ्याचं लोकेशन आणि माहिती अधिकाऱ्यांपर्यंत आणि तज्ज्ञांपर्यंत जाते, शिवाय कुठे कधी काय झालं याचा नकाशा तयार होत जातो. कल्पना उत्तम आहे.

पण क्षणभर त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहा. तळ्यात लाखो रुपये बुडालेत आणि खाद्य उधारीवर घेतलंय. रोगाची बातमी फुटली तर व्यापारी भाव पाडणार आणि उधारी देणारा दारात येणार. त्यामुळे तो काय करतो? रातोरात जाळं मारून मिळेल त्या भावाने माल विकतो आणि तळ्याचं पाणी खाडीत सोडतो. खरं तर ते पाणी अडवून, त्यात ब्लीचिंग पावडर टाकून मगच सोडायला हवं. सकाळी शेजाऱ्याचा पंप त्याच खाडीतून पाणी उपसतो.

माझ्या मते खरं घोडं इथे अडतंय. कळवल्याचा फायदा शेजाऱ्याला आणि तोटा कळवणाऱ्याला! असा व्यवहार कुठलंही ॲप, कितीही छान इंटरफेस देऊन, सुरळीत करू शकत नाही.

ऑस्ट्रेलियाने काय केलं बघा. 2016 च्या शेवटी क्वीन्सलँडमधल्या लोगन नदीकाठी व्हाइट स्पॉट सापडला. तिथल्या सातही फार्मवर तो पोचला आणि तळ्यांत क्लोरिन टाकून सगळी कोळंबी मारण्यात आली. व्हायरस कुठून आला हे सिद्ध झालं नाही. संशय होता तो आयात केलेली कच्ची कोळंबी गळाला आमिष म्हणून वापरल्याचा, कारण गोठवूनही हा व्हायरस मरत नाही. जानेवारी 2017 मध्ये त्यांनी कच्च्या कोळंबीची आयातच थांबवली. नंतर ती कडक अटींवर सुरू झाली, पण आपल्या कवचवाल्या कोळंबीला 2025 उजाडावं लागलं.

विमा आणि ॲप जोडा

फेब्रुवारी 2024 मध्ये मंजूर झालेल्या 6,000 कोटींच्या केंद्रीय योजनेत मत्स्यशेतीच्या विम्यासाठी मदत आहे: प्रीमियमच्या 40 टक्के, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त 1 लाख रुपये. माझं म्हणणं इतकंच की ही मदत रिपोर्टिंगशी जोडा. जो वेळेत कळवेल आणि पाणी अडवून ठेवेल, त्याचा दावा आधी आणि झटपट निकाली काढा. मग ॲपवरचं बटण दाबायला शेतकऱ्याचा हात कचरणार नाही.

पालघर, रायगड, रत्नागिरीतही कोळंबीची तळी आहेत. तुमच्या घरी किंवा ओळखीत कुणाचं तळं असेल, तर त्यांच्या फोनमध्ये हे ॲप टाकून द्या आणि विम्याची चौकशीही करा. ही दोन्ही कामं मर सुरू व्हायच्या आधीच करायची.