सीपीयूतलं पाखरू

रविवारची दुपार. बाहेर मस्त ढगाळ हवा, पोटात वरणभात-तूप-लिंबू, डोळ्यांवर झापड... आणि मी हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उघड्या सीपीयूत डोकं खुपसून बसलेलो.

'काय बिघडलं आता?' बायकोनं विचारलं.

'काहीच नाही.'

'मग उघडलायस कशाला?'

'चोर पकडायला!'

तिनं माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं, की चोर मीच असावा. मग ती शांतपणे चहा टाकायला गेली. लग्नाला चार वर्षं झाली की बायका असल्या उत्तरांवर वाद घालत नाहीत.

तर मंडळी, प्रकरण असं आहे. घरचा डेस्कटॉप (पत्र्याच्या डब्याला सीपीयू म्हणू नये, ते कॅबिनेट, हे मला पाठ आहे, पण आपण सगळे सीपीयूच म्हणतो ना, मग झालं तर!) मी पै-पै जमवून, एकेक पार्ट निवडून असेंबल करून घेतलेला. आणि मला त्याच्या पोटात एअरटॅग लपवायचा होता. तोच तो, किल्ल्यांना लावतात तो, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, पांढरा-चंदेरी बिल्ला. वजन ११ ग्रॅम. २०२१ मध्ये आपल्याकडे आला तेव्हा किंमत होती ३,१९० रुपये. किल्ल्या हरवल्या तर वॉचमनकाका दार उघडून देतात, पण सीपीयू गेला तर? म्हटलं, टॅगची खरी गरज तिथंच आहे.

आता तुम्ही म्हणाल, डेस्कटॉप कोण चोरतो राव? लॅपटॉप पळवतील, मोबाइल मारतील. एवढं धूड कोण उचलून नेणार?

नेतात. माझा नेलाय.

२०१८ ची दिवाळी. तेव्हा मी कर्वेनगरला दोन मित्रांबरोबर राहायचो. सुट्टीत तिघंही आपापल्या गावी पांगलो, मी साताऱ्याला. भाऊबीज उरकून परत आलो तर कडी-कोयंडा उचकटलेला. मॉनिटर जागेवर, कीबोर्ड जागेवर, माऊस टेबलावरून खाली लोंबकळतोय आणि टेबलाखाली धुळीचा एक स्वच्छ चौकोन. सीपीयू गायब!

पोलीस चौकीत हवालदारसाहेबांनी नीट बसवून घेतलं, पाणी दिलं. म्हणाले, 'बिल आहे का?' नव्हतं. 'सिरियल नंबर?' तोही नव्हता. 'अंदाजे किंमत?' सांगितली. मग लिहिता लिहिता सहज विचारलं, 'आत काय महत्त्वाचं होतं का?'

म्हटलं, 'बाबांचा आवाज होता, साहेब.'

त्यांचं पेन थांबलं. बाबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर २०१६ च्या गणपतीत मी त्यांना माइकसमोर बसवलं आणि दीड तास बोलतं केलं. सातारा-महाबळेश्वर रूटवरचे किस्से, घाटात बंद पडलेली गाडी, तिकिटाच्या पेटीवर डोकं ठेवून झोपलेलं कुणाचं तरी पोर. पुढच्याच वर्षी बाबा गेले. ती फाइल त्या हार्ड डिस्कवर होती आणि फक्त तिथंच होती.

हवालदारसाहेब थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, 'हे कुठल्या रकान्यात लिहू?'

असो. सीपीयू काही मिळाला नाही.

म्हणून नवीन मशीन घेतल्यावर टॅगचा हा उद्योग. आणि हा उद्योग करताना मला जी अक्कल आली, ती तुम्हाला फुकटात देतोय.

पहिली अक्कल : या टॅगमध्ये जीपीएस नसतं, सिमकार्डही नसतं. तो फक्त ब्लूटूथवरून सतत हळूच हाक मारत असतो. आसपास कुणाचा आयफोन असेल, तर त्याला ती हाक ऐकू येते आणि तो फोन गुपचूप आपला ठावठिकाणा कळवून टाकतो. त्या फोनवाल्याला पत्ताही लागत नाही. माहिती कुलूपबंद जाते, उघडते फक्त मालकाच्या फोनवर. थोडक्यात, टॅग स्वतः काहीच शोधत नाही, शोधतात रस्त्यावरची माणसं. आणि आपल्या रस्त्यांवर आयफोनपेक्षा अँड्रॉइड कितीतरी जास्त! अँड्रॉइडवाल्यांसाठी गुगलनं २०२४ मध्ये असंच जाळं सुरू केलं. तेव्हा टॅग घेताना आधी तो कुठल्या जाळ्यातला आहे ते बघा. अँड्रॉइड फोनवर एअरटॅग सेट करता येत नाही. दुकानदार 'चालेल हो सर' म्हणाला, तरी चालत नाही.

दुसरी अक्कल : पत्रा. मी मोठ्या हुशारीनं टॅग आतमध्ये, हार्ड डिस्कच्या मागं चिकटवला. चोराच्या बापालाही सापडणार नाही! झाकण लावलं, स्वयंपाकघरात गेलो, फोन काढला... आणि मलाच सापडेना. चारही बाजूंनी पत्रा असल्यावर ती बिचारी हाक बाहेर येणार कुठून? शेवटी पुढचं प्लॅस्टिकचं तोंड काढलं आणि त्याच्या मागच्या पोकळीत, तपकीर गल्लीतून आणलेल्या फोमच्या टेपनं टॅग बसवला. आता स्वयंपाकघरातून वाजवला तरी वाजतो.

तिसरी अक्कल : उष्णता. हा टॅग ६० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेला आहे. म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या कुशीत त्याला झोपवायचं नाही. पॉवर सप्लायचा डबा तर उघडायचाच नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आत करंट साठून राहिलेला असतो. काम सुरू करण्याआधी प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा. टॅग सुटून मदरबोर्डवर पडणार नाही एवढं पक्कं बघा. आणि गंमत म्हणजे, या टॅगमध्ये जो गोल सेल लागतो, सीआर २०३२, बहुतेक मदरबोर्डवर घड्याळासाठी अगदी तोच असतो! साधारण वर्षभर पुरतो. वाढदिवसाला बदलायचा, म्हणजे लक्षात राहतं.

एवढं सगळं करून मी खुशीत हिंजवडीला ऑफिसला जाऊ लागलो. मग चार दिवस कामासाठी बंगळुरूला गेलो. तिसऱ्या दिवशी भर मीटिंगमध्ये घरून फोन. कामाच्या मावशी!

'दादा, लादी पुसताना तुमचा डबा जरा सरकावला. आत पाखरू शिरलंय हो! चिवचिव करतंय!'

हसू नका. ते पाखरू म्हणजे चौथी अक्कल. टॅग त्याच्या मालकाच्या फोनपासून ८ ते २४ तास लांब राहिला आणि मग कुणी हलवला, की तो आवाज करतो. (बायकोचा फोन अँड्रॉइड, त्यामुळे ती घरी असून टॅगच्या लेखी घरात कुणीच नव्हतं.) एवढंच नाही, अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरतोय असं दिसलं, की समोरच्याचा फोन त्याला सांगतो, 'बाबा रे, तुझ्याजवळ कुणाचा तरी टॅग आहे.' आयफोन तर सांगतोच, जुलै २०२३ पासून अँड्रॉइडसुद्धा सांगतो.

रात्री हे बायकोला सांगितलं, तर तिनं बरोबर बोट ठेवलं. 'म्हणजे चोर सीपीयू घेऊन घरी पोचला, की तुझा टॅग त्यालाच सांगणार, मी इथं आहे म्हणून? अरे, हा तुझ्या बाजूचा आहे की चोराच्या?'

मी तावातावानं म्हटलं, 'इंटरनेटवर दाखवतात, आतला स्पीकर काढून टाकता येतो. आवाजच बंद!'

ती गप्प झाली. मग म्हणाली, 'माझ्या ऑफिसमधल्या एका मुलीच्या स्कूटीच्या सीटखाली असाच टॅग सापडला होता. तिच्या जुन्या बॉयफ्रेंडनं टाकलेला. फोननं सांगितलं म्हणून कळलं. त्याला स्पीकर काढायची अक्कल असती तर?'

आता यावर काय बोलणार? हा टॅग माझ्या बाजूचाही नाही आणि चोराच्याही नाही. तो आवाज आणि ती सूचना त्या मुलीसाठी आहेत. चोराला हळूच पकडणारा टॅग हवा असेल, तर मुलीचा हळूच पाठलाग करणाराही तोच असणार. माझा सीपीयू जास्त मोलाचा की तिचं घरी निर्धास्त पोचणं? स्क्रू-ड्रायव्हर गुपचूप ड्रॉवरमध्ये ठेवला. तुम्हीही ठेवा.

मग टॅगचा उपयोग काय? आहे ना. चोरी झाल्यावरचे पहिले काही तास. नकाशावर ठिपका दिसला, तर स्क्रीनशॉट काढा आणि पोलिसांकडे जा. आधी पोलिसांकडे! सिनेमातल्यासारखं चार मित्र घेऊन ठिपक्याच्या मागं पळू नका. ठिपका बिल्डिंग दाखवेल, मजला नाही. आणि चुकीच्या दारावर लाथ मारलीत तर तक्रार तुमच्यावर व्हायची. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, त्यात तक्रार ऑनलाइन पाठवून तीन दिवसांत सही करायची सोय आहे आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. मोबाइलला आयएमईआय नंबर असतो, डेस्कटॉपला तसलं काही नसतं. म्हणून बिलाचा आणि प्रत्येक पार्टच्या सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. आणि हो, चोरी टाळायची असेल तर लपवलेला टॅग काहीच कामाचा नाही. जे दिसतच नाही त्याला चोर घाबरेल कसा? त्यासाठी दाराला दणकट कुलूप लावा. बऱ्याच कॅबिनेटना मागच्या बाजूला कुलपासाठी कडी असते, तिच्यातून केबल टाकून टेबलाला बांधा.

पण एवढं सगळं सांगूनही खरी गोष्ट राहिलीच. त्या रात्री मला झोप लागेना. चोर समजा सीपीयू घेऊन गेला. तो काय अख्खा डबा विकणार आहे? रॅम काढेल, ग्राफिक्स कार्ड काढेल, हार्ड डिस्क काढेल आणि रिकामा पत्रा कुठल्यातरी नाल्याकाठी टाकून देईल. माझा टॅग मात्र मोठ्या इमानानं मला त्या रिकाम्या डब्याचा पत्ता सांगत राहणार!

म्हणजे २०१८ मध्ये माझ्याकडे टॅग असता, तरी बाबांचा आवाज परत आलाच असता असं नाही. तो यायला एकच गोष्ट लागत होती : दुसरी कॉपी. पन्नासेक एमबीची फाइल. पाच मिनिटांचं काम. दोन वर्षं मी म्हणत होतो, 'करू रे, या रविवारी करू.'

चोरानं सीपीयू नेला, त्याचं पाप त्याच्याकडे. आवाज मात्र माझ्या आळसानं गेला.

मग पुढचा रविवार सत्कारणी लावला. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन कॉप्या केल्या : एक मशीनवर, एक बाहेरच्या ड्राइव्हवर, एक ऑनलाइन. बाहेरचा ड्राइव्ह साताऱ्याला आईच्या कपाटात, पैठणीखाली. (त्या कपाटाइतकी सुरक्षित जागा भारतात दुसरी नसेल!) मशीनची डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे चोराच्या हाती आमचे बँकेचे कागद आणि लग्नाचे फोटो लागायला नकोत. तिची रिकव्हरी की वेगळी जपून ठेवली, नाहीतर आपणच दाराबाहेर.

ड्राइव्ह द्यायला साताऱ्याला गेलो, तेव्हा आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'अरे, तुझ्या मावसभावाच्या लग्नाच्या व्हिडिओत ह्यांचा आवाज आहे की.'

भावाला लगेच फोन लावला. त्यानं जुनी सीडी शोधून काढली. कॅमेरा पंगतीवरून फिरतोय आणि बाबा पडद्यावर नाहीत, पण कुठूनतरी त्यांचा तो खणखणीत कंडक्टरी आवाज येतो, 'पुढं सरका, पुढं सरका, मागं पंगत थांबलीय!' मग मोठा हशा. १७ सेकंद. दीड तासातले नव्हेत, वेगळेच १७ सेकंद.

ते आता तीन ठिकाणी आहेत. सीपीयूतलं पाखरूही जागेवर आहे, असू दे. पण या रविवारी तुम्ही टॅग मागवायला फोन उघडाल, तेव्हा आधी एक कॉपी मारा. कसली, ते तुम्हाला माहीत आहे.