न अडविलेल्या चोराची कथा

‘कॉमिक्स’ म्हटले की आपल्या सुशिक्षित घरांतून आजही नाके मुरडली जातात. रंगीत चित्रे, हाणामारी आणि वेळेचा अपव्यय एवढीच या वाङ्मयप्रकाराची ओळख अनेक पालकांनी करून घेतली आहे. अशा पालकांनी ‘अमेझिंग फँटसी’ या अमेरिकी मासिकाचा ऑगस्ट १९६२ चा १५ वा अंक अवश्य वाचावा. स्पायडरमॅन प्रथम अवतरला तो याच अंकातील अवघ्या ११ पृष्ठांच्या कथेतून.

लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको. हा त्या मासिकाचा अखेरचा अंक ठरला. तोवरच्या अतिमानवी कथांतून किशोरवयीन मुले बहुधा नायकाचे साहाय्यक म्हणून वावरत. येथे मात्र काका-काकूंच्या मायेत वाढलेला पोरका, अभ्यासू आणि वर्गमित्रांच्या टवाळीचा विषय झालेला पीटर पार्कर स्वतःच नायक आहे.

किरणोत्सारी कोळ्याच्या दंशाने अचाट सामर्थ्य लाभताच हा मुलगा काय करतो? कुस्तीत १०० डॉलर जिंकतो, दूरचित्रवाणीवर झळकतो. पळणाऱ्या चोराला अडविण्याची हाक पोलीस देतो, तेव्हा ते आपले काम नव्हे म्हणून तो स्वस्थ उभा राहतो. काही दिवसांनी बेनकाकांची हत्या होते. पीटर मारेकऱ्याला गाठतो, चेहरा पाहतो आणि थिजतो. हा तोच चोर असतो.

पीटरच्या हातून कोणतेही दुष्कृत्य घडलेले नाही. कोणतेही न्यायालय त्याला दोषी ठरविणार नाही. तरीही तो स्वतःच्या नजरेत कायमचा अपराधी ठरतो, कारण शक्य असूनही त्याने हात पुढे केला नाही.

सामर्थ्यासोबत उत्तरदायित्व येते, हे कथेचे तात्पर्य बेनकाकांचे वचन असल्याचा समज सर्वत्र रूढ आहे. मूळ अंकात मात्र ते अखेरच्या चौकटीत निवेदक सांगतो. पीटरला आधी कोणी सावध केलेले नाही. किंमत मोजल्यावरच त्याला उमज येते. मुलांना उपदेशाचे डोस पाजणाऱ्या आपण मोठ्यांनी या रचनेवरून बोध घ्यावा. जे सुभाषित पाठांतराने विसरले जाते, तेच कथेतून काळजाला भिडते.

अंकात उणिवा आहेत. वर्गमित्र एकसुरी आहेत, मेकाकू केवळ मायाळू आहेत आणि नेमका तोच चोर नेमक्या त्याच घरात शिरतो, हा योगायोगही ताणलेला आहे. परंतु या योगायोगाविना कथेचा प्रश्न उभाच राहिला नसता.

१२ सेंट किमतीच्या या अंकाची एक प्रत २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरना विकली गेली. संग्राहकांना कागदाचे मोल कळले. अपघातस्थळी गर्दी करून पाहणाऱ्या आणि शेजारच्या घरातील आक्रोश ऐकून दार लावून घेणाऱ्या समाजाला आशयाचे मोल केव्हा कळणार? ‘मला काय त्याचे?’ असे म्हणून आपण ज्याला वाट करून देतो, तो पुढे कोणाच्या दारात उभा राहील, हे सांगता येत नाही.